दोन दोऱ्यांमधली जागा

दातांच्या लॅबच्या मालकीणबाईंनी स्टुलावर चढून वरच्या फळीवरचा प्लास्टरचा जबडा काढला, त्यावरची धूळ फुंकली आणि विचारलं, "हे कोणाचं गं? किती दिवस पडलंय. फोडून टाकू का, जागा अडलीये." ती तेव्हा कुणा आजोबांच्या खालच्या कवळीत दाढा बसवत होती. मेणाची तापलेली पट्टी हातात होती, आणि तिने मान वर केली तेवढ्यात एक थेंब डाव्या अंगठ्यावर पडला. भाजल्याचं तिला मागाहून कळलं. आधी दिसला तो सुळा. वरच्या ओळीतला डावीकडचा, शेजारच्या दाताच्या खांद्यावर हात टाकून फोटोला उभा राहिल्यासारखा पुढे आलेला. जगात इतकी तोंडं आणि तोंडांत इतके दात, पोटापाण्यासाठी तिने त्यातले ढिगाने हाताळलेले, पण हा सुळा तिने डोळे बांधून नुसत्या बोटानेही ओळखला असता. "फोडू नका," ती म्हणाली. "माझं आहे ते." "तुझं? तुझे दात तर चांगले सरळ आहेत की," मालकीणबाई म्हणाल्या, आणि मग त्यांच्या लक्षात आलं असावं, कारण त्यांनी तो जबडा काठोकाठ भरलेली वाटी ठेवावी तसा दोन्ही हातांनी परत फळीवर ठेवला आणि खाली उतरताना उगाचच म्हणाल्या, "आज लवकर जाणार होतीस ना? जा मग. आजोबा काय, उद्या चावतील."

आज संध्याकाळी ठरणार होतं. दादाला बाहेर काढायचं की नाही, एवढंच. दोन महिने होत आले, दादा एका डोंगराच्या पोटात, पाण्याने तुडुंब भरलेल्या गुहेत, दिव्याशिवाय पडून होता. त्याला तिथून आणू शकतील अशी माणसं मुळात थोडी, ती सगळी याच शहरात राहणारी, आणि नेमकी तीच एकमेकांचं तोंड बघत नव्हती. गुहेला दोन तोंडं होती, एक डोंगराच्या माथ्याजवळ आणि एक पायथ्याशी, आणि महिनाअखेर सरकारी खात्याचे लोक त्या दोन्ही तोंडांना लोखंडी जाळ्या ठोकणार होते. मग आत मासासुद्धा जाणार नाही. आई रोज सकाळी चहाचा कप पुढे करताना विचारायची, "काही कळलं का गं?" जणू दादा परीक्षेला बसलाय आणि निकाल तेवढा लागायचा राहिलाय. रडून झालं होतं आईचं. आता तिला फक्त त्याला एकदा घरात बघायचं होतं, पुढच्या खोलीत, आडवा का होईना. मग पुढचं पुढे.

बसमध्ये खिडकीशी बसल्यावर तिने अंगठा तोंडात घातला. मेणाची चव, भाजल्याची चव, आणि तिच्या खाली कुठेतरी ती जुनी गुलाबी चव, जबड्याचं माप घ्यायच्या लगद्याची, औषधी आणि गोडसर. दादाचं माप तिनेच घेतलं होतं. लॅब बंद झाल्यावर तो पेशंटच्या खुर्चीत ऐटीत बसला आणि तिने लगद्याने भरलेला साचा त्याच्या तोंडात दाबला. आयुष्यात पहिल्यांदा दादा सलग तीन मिनिटं गप्प बसला होता. हनुवटीवरून लाळ गळत होती आणि तो डोळ्यांनी हसत होता, आणि ती म्हणाली होती, "असाच राहा रे कायमचा, घरात शांतता नांदेल." त्याला पाण्याखाली श्वास पुरवणाऱ्या मशीनचं तोंडातलं बूच तासन्‌तास दातांत धरून जबडा दुखायचा, म्हणून तिने त्याच्या दातांच्या खाचाखोचांवर बसेल असं मऊ बूच करून दिलं, दोन वेळा घासून, तीन वेळा तपासून. बाबांना कळलं तेव्हा ते वर्तमानपत्राआडून म्हणाले होते, "वा. आता दातसुद्धा त्यांच्यात गेले." त्यांच्यात म्हणजे मुक्यांच्यात.

ही नावं कोणी पाडली कोण जाणे, पण ती पाण्यातल्या शेवाळासारखी चिकटली होती. बाबांची टोळी म्हणजे बुडबुडे. हे लोक दोन्ही बगलांत एकेक टाकी घेऊन गुहांच्या पाण्यात उतरायचे, हवा आत घ्यायची, बाहेर सोडायची, सोडलेली बुडबुडे होऊन छताकडे जायची, झालं. फुगा फुगवण्याइतकं सोपं, बाबा म्हणायचे, आणि जे सोपं असतं ते ऐनवेळी दगा देत नाही. हवेचे तीन हिस्से करायचे. पहिला जायला, दुसरा यायला. तिसऱ्याला हात लावायचा नाही, तो सोबत्याचा. सोबत्याची टाकी फुटली, नळी अडकली, तर त्याला द्यायचा. पोहायला शिकायच्या आधी तिला आणि दादाला हा हिशेब पाठ होता. पावाचे तीन तुकडे करून दोघं एकेक खायची आणि तिसरा सोबत्याचा म्हणून बशीत ठेवून द्यायची, आणि मग दादा सोबती होऊन तोही खायचा. मशीनकाकांची टोळी म्हणजे मुके. त्यांच्या पाठीवर सोडलेला श्वास आतल्या आत धुऊन पुन्हा तोंडात आणून देणारं यंत्र. बुडबुडा नाही, आवाज नाही, आणि एका टाकीवर बुडबुड्यांच्या चौपट वेळ. बुडबुडे त्यांना उष्टी हवा खाणारे म्हणायचे. मुके बुडबुड्यांना सोडावॉटरच्या बाटल्या म्हणायचे. पण चेष्टेच्या खाली दोघांचंही एकेक म्हणणं होतं, आणि खरी अडचण ही की दोघांचंही खरं होतं. मशीन बिघडलं तर कळत नाही, माणूस झोप लागल्यासारखा हसत हसत जातो, हे बाबांचं म्हणणं. बुडबुडे छतावर आपटले की छताची माती सुटते, पाण्याचा चिखल होतो आणि आंधळा माणूस भिंतीला डोकं आपटून मरतो, हे मशीनकाकांचं.

मशीनकाका काही परके नव्हते. तिच्या लहानपणी ते शनिवारी यायचे आणि सोमवारी जायचे. बाबा आणि ते एकाच टाकीला दोन नळ्या लावून उतरले होते म्हणे एकदा, टाकी एकच होती म्हणून. आईच्या हातचं जेवून वर तिलाच सांगायचे, वहिनी, मीठ कमी पडलं. मग एक दिवस त्यांनी लाकडी खोक्यातून ते मशीन आणलं आणि बैठकीच्या खोलीत भुशातून बाहेर काढलं, आणि बाबा त्याच्याभोवती एक चक्कर मारून म्हणाले, "हे घालून तू गेलास तर मी तुला शोधायला येणार नाही." काका म्हणाले, "यायला तुझी हवा पुरायची नाही." दोघं हसले. ती दारात उभी राहून बघत होती, आणि तिला ते हसणं आवडलं नव्हतं. लहान मुलांना कसं कळतं कोण जाणे, पण कळतं. पुढे दादा मोठा झाला आणि त्यालाही लांब जायचं होतं, आणि लांब जायला मशीनच लागतं, म्हणून एक दिवस त्यानेही ते पाठीवर चढवलं. त्या दिवसापासून बाबा त्याच्याशी थेट बोलेनासे झाले. जेवायला बसलं की, "त्याला विचार, भात हवाय का." "त्यांना सांग, हवाय." दोघांच्या मध्ये वीतभर टेबल, आणि आई मध्ये बसून निरोप पोचवायची, भातासकट.

बस सिग्नलला थांबली. समोरच्या इमारतीत एक बाई तिसऱ्या मजल्यावरून दोरी सोडून पिशवी खाली देत होती आणि खालचा माणूस हात उंच करून उभा होता. पिशवी वाऱ्याने हलत होती, त्याच्या बोटांना लागत होती आणि निसटत होती. तिला बघवेना. तिने मान दुसरीकडे केली तरी डोळ्यांना ते दिसतच राहिलं, ती दोरी आणि तो हात.

गुहेत दोरी हेच सगळं असतं. तोंडापासून ती उलगडत न्यायची, दगडांना वेढे देत, आणि परत येताना तिच्यावरून हात सरकवत यायचं. दिवा गेला तरी चालतो, दोरी सुटता कामा नये. बाबांची दोरी जाड, पांढरी, वावभर, दोन्ही हात पसरल्याइतक्या अंतरावर हाताने मारलेल्या गाठींची. गाठीचं शेपूट ज्या बाजूला, तिकडे बाहेरची वाट. मुक्यांची दोरी बारीक, नारिंगी, तिच्यावर प्लास्टिकचे बाण. गाठ की बाण यावर बाबा आणि मशीनकाका लग्नाच्या मांडवात भांडले होते, नवरदेवाला बाजूला सारून. बुडबुडे वरच्या तोंडाने शिरले, मुके खालच्या, आणि दोन वर्षांपूर्वी एकाच हंगामात दोघंही एकाच खोलीत पोचले. पाण्याखालची खोली, एवढी मोठी की दिव्याचा उजेड पलीकडच्या भिंतीला लागत नाही. बुडबुड्यांनी आपल्या दोरीचं टोक एका दगडाला बांधलं. मुक्यांनी आपलं दुसऱ्या दगडाला. दोन टोकांमध्ये दोन हातांचं अंतर राहिलं. जोडायला एक गाठ पुरली असती. पण ज्याने गाठ मारली त्याची गुहा, असा या लोकांचा रिवाज. नकाशावर त्याच्या टोळीचं नाव चढतं. मग ठरलं की दोघांनी मिळून मारायची. मग कुठली गाठ, कोणाची दोरी वर, कोणाची खाली, यावरून बोलणी फिसकटली, पुढच्या हंगामात बघू म्हणाले, आणि तो पुढचा हंगाम येऊन गेला तरी ते दोन हात तिथे तसेच राहिले, काळोखात, कोणाच्याच मालकीचे नसलेले.

आत गेला त्याच्या आदल्या दिवशी, शनिवारी, दादा लॅबमध्ये आला होता, बूच थोडं टोचतंय म्हणून. ती ते घासत असताना तो टेबलावरच्या कवळ्या एकमेकांवर आपटून त्यांच्याकडून बोलून घेत होता, एक कवळी बाबा, एक मशीनकाका. "माझी गाठ." "नाही, माझी गाठ." मग कवळ्या ठेवून म्हणाला, "उद्या मीच मारून येतो गं. कोणाला सांगू नकोस." ती म्हणाली, "मार खाशील." "कोणाचा? एकदा मारली की मारली. सोडायला जाणारेत का ते? आणि भांडायला कारणच उरलं नाही तर त्यांना एकमेकांशी बोलावं लागेल. बिचारे." ती हसली होती. बूच त्याच्या तोंडात बसवून बघितलं होतं. "आता?" "परफेक्ट," तो बुचातूनच म्हणाला. ऐकू आलं भलतंच.

तो खालच्या तोंडाने शिरला. डॉक्टरीणबाई, मुक्यांपैकीच एक, बाहेर बसल्या होत्या आणि ठरलेली वेळ टळल्यावर आत गेल्या, तर पुढे सगळा चिखल. दुसऱ्या दिवशी वरच्या तोंडाने ती स्वतः गेली, बाबांकडून शिकलेली. वरची वाट जवळची, पण मध्ये एक फट आहे, टाक्या काढून पुढे ढकलाव्या लागतात आणि एका कुशीवर होऊन मागून सरकावं लागतं. लोहारकाका, बाबांचा उजवा हात, फटीत मावले नाहीत. ते फटीशी दिवा धरून थांबले आणि ती एकटी पलीकडे गेली. तिथून पुढचं तिला सरळ ओळीत कधी आठवत नाही. हातात बाबांची दोरी. गाठ, गाठ, गाठ. पाणी इतकं गार की दात नसल्यासारखे वाटत होते. मग दोरीचं टोक, दगडाला बांधलेलं, आणि समोर दिव्याचा पिवळा डाग आणि त्यात दादा. कुशीवर झोपलेला, रविवारी उशिरापर्यंत झोपायचा तसा. एका हाताला मुक्यांच्या दोरीचे वेढे, ती त्याने त्यांच्या दगडावरून सोडवून घेतली होती. दुसरा हात लांब केलेला, बाबांच्या दगडाकडे. आणि ती श्वास सोडेल तसतशी छताची माती पापुद्र्यापापुद्र्याने सुटून खाली येत होती. मशीनकाका खरं बोलत होते. तिच्या एकेका श्वासाने दादा थोडा थोडा दिसेनासा होत होता. तिने श्वास रोखून धरला. तेवढ्यात एकदा स्पष्ट दिसला, बूच तोंडातच होतं, तिने केलेलं, नीट बसलेलं. मग छाती फुटायला आली आणि तिने सोडला, आणि सगळं तपकिरी झालं. तिने हवेचा काटा डोळ्यांशी आणला. पहिला हिस्सा संपला होता, निघायलाच हवं होतं. ती निघाली. शिकवलं होतं तशी, न घाबरता, गाठीगाठीने. वर आल्यावर लोहारकाकांनी टाकी उचलली आणि म्हणाले, "शाब्बास पोरी, तिसरा हिस्सा शाबूत आणलास." त्यांना बिचाऱ्यांना काय माहीत. सोबत्याचा हिस्सा ती सोबत्यापर्यंत नेऊन तसाच भरलेला परत घेऊन आली होती.

पोहण्याच्या तलावाच्या वर एक खोली होती, तिथे बैठक होती. दोन्ही टोळ्यांनी पाण्यात पहिली उडी याच तलावात मारलेली, म्हणून ही जागा कोणाचीच नाही असं धरून चाललं होतं. जिन्यावर क्लोरीनचा वास, खाली शिकवणारा माणूस शिट्टी फुंकत होता आणि मुलं काठाला धरून पाय आपटत होती. खोलीत दोन भिंतींना दोन रांगा. बाबांच्या रांगेत बाबा, लोहारकाका आणि आणखी दोघं. पलीकडे मशीनकाका, डॉक्टरीणबाई आणि त्यांची माणसं. तिला कुठे बसावं कळेना, म्हणून ती खिडकीच्या कठड्यावर टेकली. "इकडे ये," बाबा म्हणाले. "असू दे, बरी आहे," ती म्हणाली. मशीनकाका केवढे थकलेले दिसत होते. तिला वाटलं, बोलतील आपल्याशी. त्यांनी नुसती मान हलवली.

डॉक्टरीणबाईंनी योजना सांगितली. योजना चांगली होती, तेच वाईट होतं. मशीनसकट दादा वरच्या फटीतून निघणार नाही. खालची वाट रुंद आहे, पण मशीन उतरवून त्याला मोकळं करायला चार हात लागतील, आणि खालून लांबचं अंतर कापून येणाऱ्या दोघांना तेवढं थांबता येणार नाही. म्हणजे वरून बुडबुड्यांनी यायचं, त्याला मोकळा करून ठेवायचा, खालून मुक्यांनी यायचं आणि हातोहात घेऊन जायचं. "आणि दोन दोऱ्या आधी जोडायच्या," त्या म्हणाल्या. "चिखलात एकमेकांना शोधत बसता येणार नाही."

"जोडू की," बाबा म्हणाले. "आमची जाड दोरी आम्ही पुढे आणतो."

"जाड दोरी बाणांत बसत नाही," मशीनकाका म्हणाले. "आणि तुमचे दोघं तिथे अर्धा तास बुडबुडे सोडणार. छत खाली येईल. माझी माणसं त्याखाली पाठवू?"

"मग मशीन माझ्या माणसांनी काढायचं. त्याच्या पोटात काय रसायन साठलंय, भिजून काय झालंय, कोणाला माहीत?"

"आम्हाला माहीत आहे."

"तुम्हाला माहीत होतं म्हणून तर तो तिथे आहे."

खाली शिट्टी वाजली. एवढी स्वच्छ की खोलीतले सगळे एक क्षण थांबले. मग पुन्हा तेच, माती की मशीन, गाठ की बाण, पोरगा कोणी शिकवला, कोणी बिघडवला. ही तिसरी बैठक होती, आणि तिला शब्द पाठ झाले होते, कोण कुठे खोकणार तेही. तिच्याकडे एक गोष्ट होती जी तिने कोणाला सांगितली नव्हती. दादानेच सांगू नकोस म्हटलं होतं. पण आता तिला वाटलं, ही टाकली मध्ये तर काहीतरी फुटेल, ही माणसं खाली बघतील, कोणीतरी रडेल, आणि रडलेल्या माणसाला भांडता येत नाही. ती म्हणाली, "तो गाठ मारायला गेला होता." कोणी ऐकलं नाही. ती पुन्हा म्हणाली, मोठ्याने, "दादा दोन दोऱ्या जोडायला गेला होता. शनिवारी मला सांगून गेला. तुम्ही दोघं बोलाल म्हणून."

लोहारकाकांनी चेहरा हातांनी झाकला. डॉक्टरीणबाई खिडकीबाहेर बघू लागल्या. आणि मग मशीनकाका, तिला खांद्यावर बसवून याच तलावाच्या काठाने फिरवणारे मशीनकाका, हळूच पुढे वाकून म्हणाले, "कुठली गाठ मारणार होता?"

"विचारायचं काय त्यात," बाबा म्हणाले. "हात कोणाकडे तयार झालेत त्याचे? आमचीच मारणार."

"दोरी आमची सोडवलेली होती हातात. हिनेच बघितलंय. म्हणजे आमची दोरी पुढे नेत होता. म्हणजे जोड आमचा."

तिला हसू आलं. खरंच आलं, पोटातून, शाळेत प्रार्थनेच्या वेळी यायचं तसं, आणि ते दाबताना डोळ्यांत पाणी आलं, आणि डॉक्टरीणबाईंनी उठून तिच्या पाठीवर हात ठेवला, रडतेय समजून. त्या हाताखाली तिला कळलं की आता आपल्याजवळ टाकायला काही उरलं नाही. दादाची शेवटची गोष्ट तिने यांच्या पुढ्यात ठेवली आणि यांनी ती दोन्ही बाजूंनी ओढून बघितली.

शेवटी लोहारकाका बोलले. आयुष्यभर बाबांच्या मागे उभा राहिलेला माणूस, त्याचा आवाज असा मोकळ्या खोलीत तिने कधी ऐकलाच नव्हता. "कशाला उगाच," ते म्हणाले. "एक आत आहे. त्याला काढायला गेलेला दुसरा आत राहील. मग त्याला काढायला तिसरा. असू द्या ना." असू द्या म्हणजे काय असू द्या हे कोणी विचारलं नाही. मशीनकाकांनी खुर्चीला पाठ टेकली. मग म्हणाले, "तसं त्याला आवडायचंच तिथे." सगळ्यांनी बाबांकडे बघितलं. बाबा बुटाच्या टोकाकडे बघत होते. ती मनात म्हणत होती, नाही म्हणा. बाबा, नाही म्हणा. "हं," बाबा म्हणाले. "पोराला दगडांचं वेड होतं. राहू दे."

इतक्या वर्षांत पहिल्यांदाच दोन्ही टोळ्यांचं एकमत झालं. झाल्याबरोबर खोलीतली हवाच बदलली. खुर्च्या सरकल्या, कोणीतरी पंखा वाढवला, कोणीतरी जिन्यावरून चहा सांगितला. लोहारकाका मुक्यांपैकी एकाला गुडघ्याचं दुखणं सांगू लागले. बाबा उठून पलीकडच्या रांगेत गेले, मशीनकाकांच्या शेजारच्या रिकाम्या खुर्चीवर बसले, घसा खाकरून म्हणाले, "ती तुमची नवी झडप म्हणे गोठत नाही?" "दाखवतो," म्हणून काकांनी खिशातून रुमालात गुंडाळलेली झडप काढली, आणि बाबांनी ती दिव्याकडे धरली, फुंकून बघितली, नखाने टोकरली, "स्प्रिंग कोणाची?" म्हणाले, आणि दोन पिकली डोकी एकमेकांना टेकली. ती बघत राहिली. दादाला हेच हवं होतं. अगदी हेच, हे असं, डोक्याला डोकं. तिला ओरडता आलं असतं. कठड्यावरून उतरून ती झडप हातातून काढून घेता आली असती. पण तिने आपल्या आत बघितलं तर तिथेही काहीतरी सैल झालं होतं, बुटाची नाडी सोडल्यासारखं, कारण आता तिला त्या फटीतून पुन्हा जावं लागणार नव्हतं. कोणी तिला विचारणार नव्हतं की तू जाशील का, तू मावतेस ना. हे तिला कळलं आणि मग ती त्या सगळ्यांच्यातली एक झाली. चहा आला. तिनेही घेतला.

घरी येताना बाबा बसमध्ये बोलतच होते. दोन वर्षांत बोलले नसतील एवढं. झडपेबद्दल, मशीनकाकांच्या रक्तदाबाबद्दल, उत्तरेकडे एक नवीन गुहा सापडलीये म्हणे, अजून कोणी उतरलेलं नाही, तिथे मिळून जायचं चाललंय. "रविवारी जेवायला बोलावलंय त्याला," म्हणाले. "आईला सांग." "तुम्हीच सांगा," ती म्हणाली. ते खिडकीबाहेर बघत हसले, कुठल्या तरी आठवणीला. त्यांच्या गालावर दादाच्या गालावर पडायची तशीच खळी पडली. ती त्यांना पडते हे ती विसरूनच गेली होती.

दार आईनेच उघडलं. जिन्यावरचा पायरव ओळखून आधीच येऊन उभी असणार. तिने लेकीकडे बघितलंच नाही, सरळ बाबांच्या तोंडाकडे बघितलं, आणि बघता बघता आईचा चेहरा उजळला. बाबा चपला काढून, "हात धुतो जरा," म्हणत आत गेले. न्हाणीत नळ सुटला, आणि नळाच्या आवाजात ते गुणगुणत होते, हेही दोघींनी ऐकलं.

"म्हणजे आणणार त्याला," आई म्हणाली. विचारलं नव्हतं तिने. ती आधीच वळली होती, पदर खोचत, पुढच्या खोलीच्या मधोमध उभी राहून भिंतीपासून दारापर्यंत नजरेने अंतर घेत होती. "हे मेज भिंतीला लावू. लांब आहे तो, बापावर गेलाय, पाय दारात येतील नाहीतर." तिने मेजावरचा फुलदाणीचा पसारा उचलून खिडकीत ठेवला, वर्तमानपत्रं खुर्चीत टाकली, आणि एका टोकाशी जाऊन वाकली. "बघत काय उभी राहिलीस? धर की तिकडून."

ती गेली आणि तिने दुसरं टोक धरलं. मेज जुनं होतं, जड लाकडाचं, दोघींना जेमतेम उचलता येणारं.

"सावकाश," आई म्हणाली. "फरशीला ओरखडा नको."